तो बसतोय, तर बसू द्या

गेल्या अंकात मी माझी कुत्री झिपरी हिच्यासोबत केलेल्या दोन दिवसांच्या डोंगरवाटेबद्दल लिहिलं आणि या वेळी पत्रांचा ढीगच आला. निम्मी पत्रं ‘आम्हीही निघालोय’ म्हणणारी, एक चिडलेलं, आणि एक असं की वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी जमणार नाही. मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगते. २२ वर्षांचं भटकणं आणि ३ कुत्री, एवढीच माझी पात्रता.

प्रश्न : ताई, आमचा लॅब्रॅडोर चार वर्षांचा आहे, तब्येतीने धडधाकट. मागच्या रविवारी डोंगरावर नेला, तर शेवटच्या चढाला सारखा खाली बसायला लागला. सावली दिसली की लोळण. ह्यांचं म्हणणं, नाटकं करतोय, ओढ जरा. मी ओढला. चढलाही. पण घरी आल्यावर रात्रभर नुसता पडून होता. खरंच नाटकं करतात का हो? – संभ्रमात पडलेली

उत्तर : कुत्री नाटकं करतात. आंघोळीला करतात, औषधाच्या गोळीला करतात. चढावर करत नाहीत.

‘मी ओढला. चढलाही.’ तुमच्या पत्रातल्या या दोन वाक्यांपाशी मी अडकले, कारण ती माझ्याही नावावर आहेत. माझा भैरू तेव्हा सात वर्षांचा होता, ३२ किलोंचा, काळाकुळकुळीत. त्या दिवशी ऊन अजिबात नव्हतं. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला, हवा चिकट. ऊन नाही म्हणून मी खूश होते, आणि चुकले ती तिथेच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या पंजांच्या गाद्यांमध्ये, आणि त्यांचा अंग थंड करायला फारसा उपयोग नाही. तो निवतो धापा टाकून, म्हणजे जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा उडवून. हवेतच ओलावा भरलेला असेल, तर तो उडणार कुठे? त्यातून चढ चढताना स्नायू आतून भट्टी पेटवत असतात. त्यामुळे दमट, ढगाळ, बिनवाऱ्याचा दिवस कोरड्या उन्हाइतकाच घातकी ठरू शकतो. दिसत मात्र नाही तसा.

खिंडीच्या खाली भैरू पहिल्यांदा बसला. पाणी दिलं, प्यायला, उठला. पन्नासेक पावलं गेलो, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा बसला तो एका कातळाच्या वीतभर सावलीत, अंग मावत नव्हतं तरी. मी घड्याळ पाहिलं. माथा वीस मिनिटांवर होता. ‘चल रे, आलंच आता,’ असं म्हणत मी पट्ट्याला हिसका दिला. तो उठला. मी म्हटलं म्हणून उठला, पायांत बळ होतं म्हणून नाही. हे मला खिंडीत कळलं. तिथे त्याची जीभ बाजूने लोंबत होती, नेहमीच्या दुप्पट रुंद, टोकाशी पळीसारखी वर वळलेली. हिरड्या विटकरी लाल. लाळ पातळ न राहता दोरीसारखी चिकट झालेली. आणि चालताना मागचे पाय आपल्याच वाटेने चालले होते, पुढच्यांशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता.

आमच्याकडे दोन लिटर पाणी होतं, ते सगळं त्याच्या पोटावर, जांघांत, काखेत ओतलं. मागून येणाऱ्या एका जोडप्याने न विचारता आपल्या बाटल्या रित्या केल्या. मी बसायच्या चटईने वारा घालत राहिले. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवायचा मोह होतो, पण तो टाकू नका; थोड्या वेळात तोच गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. पाणी ओतायचं आणि वारा घालायचा, पुन्हा ओतायचं. आधी थंड करायचं आणि मग दवाखान्याकडे पळायचं, हा क्रम उलटा करू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या पुढे गेलं की आतले अवयव धोक्यात येतात. भैरू चाळीस मिनिटांनी स्वतःच्या पायांवर उभा राहिला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासलं, कारण उष्माघातात मूत्रपिंडाचं दुखणं उशिराही डोकं वर काढतं. तो वाचला. पुढे पाच वर्षं माझ्यासोबत चालला, पण त्या खिंडीकडे मी पुन्हा फिरकले नाही.

तेव्हा ह्यांना सांगा, बसला की बसू द्यायचं. दहा मिनिटं द्या, सावली द्या, पाणी द्या. त्यानंतर आपणहून उठला आणि शेपूट नेहमीच्या जागी असली, तर पुढे जा. पुन्हा लगेच बसला, तर तोंड खाली वळवा. माथा आपल्याला हवा असतो. त्याला तर तो कुठे आहे हेही माहीत नसतं. आणि एक : रात्रभर पडून होता म्हणता, तर एकदा डॉक्टरांना दाखवून या. मला भीती घालायची नाही. पण दाखवा.

प्रश्न : आमची पिल्लू सात महिन्यांची आहे, मोठ्या जातीची. तिला कधीपासून मोठ्या चढणीला न्यावं? वयाच्या महिन्यामागे पाच मिनिटं चाल, असा काही हिशेब असतो म्हणे.

उत्तर : तो हिशेब तोंडोतोंडी चालत आलेला आहे, त्यामागे पक्का शास्त्रीय आधार नाही. भान ठेवण्यापुरता ठीक. खरी गोष्ट हाडांची. लांब हाडांच्या टोकांशी जिथून वाढ होते, तो भाग मोठ्या जातीत वर्ष ते दीड वर्षाचं होईपर्यंत कच्चा असतो. तोवर तिला सपाट, मऊ वाटेवर मनासारखं हुंगत फिरू द्या. खडकावरून उड्या, लांबच लांब उतार आणि दमछाक होईपर्यंत चालणं नको. सात महिन्यांची आहे, डोंगर कुठे पळून जात नाहीत.

प्रश्न : गळ्यात पट्टा आणि हातात दोरी, मग डोंगरात नेण्यात मजा ती काय राहिली? आमचा शेरू हाकेला ओ देणारा आहे. मोकळा सोडला तर बिघडलं कुठे?

उत्तर : शेरू हाकेला ओ देतो, हे तुमच्या अंगणात खरं आहे. समोरून ससा उठला की खरं राहतं का? झिपरीही ओ देते. दहातल्या नऊ वेळा. दहाव्या वेळी ती एका पक्ष्यामागे धुक्यात धावली आणि ज्या दिशेला गेली तिकडे कडा होता. तीन मिनिटांनी परत आली, जिभेला गवत चिकटलेलं, चेहरा अत्यंत समाधानी. माझे पाय त्यानंतर तासभर कापत होते.

शिवाय त्या डोंगरात आपण एकटे नसतो. जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, चरणारी गुरं असतात. वासरासोबतची गाय कुत्र्याला शत्रू समजते आणि सरळ अंगावर येते. एरवी दोरी सोडू नका असं सांगणारी मी याच एका प्रसंगी उलटं सांगते : गाय अंगावर आली तर दोरी सोडून द्या. कुत्रा तिच्यापेक्षा वेगाने पळू शकतो, तुम्ही नाही. आणि ती येते कुत्र्यासाठी. तो तुमच्या पायांत घुटमळत राहिला तर मध्ये तुम्ही सापडता.

मजेचं म्हणाल, तर तीन मीटरची दोरी घ्या आणि हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याला, अडकवा, गळ्याच्या पट्ट्याला नको. घसरला तर गळफास बसत नाही, आणि पाठीवर मूठ असलेला हार्नेस असेल तर कातळटप्प्यावर वर घ्यायलाही सोपं जातं. उतारावर मात्र दोरी कमरेला बांधू नका. त्याने एक झेप घेतली की तुम्ही नाकावर.

प्रश्न : पायांसाठी बूट आणले. घातल्यावर बगळ्यासारखा एकेक पाय उचलून चालतो, घरातली पोरं हसून लोळतात. बूट खरंच लागतात का?

उत्तर : पोरांना हसू द्या, सगळ्यांचीच कुत्री सुरुवातीला तशी चालतात. बूट रोज लागत नाहीत. बर्फ, तापलेला कातळ, धारदार दगडांचा घसारा किंवा आधीच सोललेली गादी असेल तर लागतात. कातळ तापलाय का हे हाताने बघायचं : तळहाताची मागची बाजू टेकवा, सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्याही पायांना ते सोसणार नाही. बाकी पंजे तयार होतात ते चालूनच. घरातल्या गुळगुळीत फरशीवर वर्ष काढलेल्या कुत्र्याला एकदम पंधरा किलोमीटर मुरुमावर चालवलं, तर गादीचा पापुद्रा निघणारच. आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

आल्प्समध्ये १८६० आणि ७० च्या दशकांत त्शिंगेल नावाची एक कुत्री गिर्यारोहकांसोबत हिंडायची. डब्ल्यू. ए. बी. कूलिज आणि त्यांची मावशी मेटा ब्रेव्हुर्ट यांची ती सोबतीण. १८७५ साली ती माँ ब्लांच्या माथ्यावर पोचली होती, जवळपास ४,८०० मीटरवर. हे वाचून लोक मला लिहितात, ‘मग आमचा का नाही जाणार?’ अहो, तिच्यामागे वर्षानुवर्षांची चाल होती. तुमचा शनिवारपर्यंत गादीवर होता.

बूट घाला नाहीतर घालू नका, पण घरी आल्यावर पंजे उलटे करून बघा. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे कुसळ. झिपरीच्या बाबतीत मला कळायला दोन दिवस लागले. ती पुढचा उजवा पंजा चाटत होती, एकच जागा, टक लावून. दिव्याखाली घेतला, बोटं फाकवली, तर मधल्या पातळ कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका, बाकी काही नाही. बोटाने दाबल्यावर तिने पाय ओढून घेतला. कोमट पाण्यात पाच मिनिटं पंजा धरला, मग ठिपक्यातून केसासारखं पिवळट टोक वर आलं. चिमट्याने धरून ओढलं तेव्हा अख्खं कुसळ निघालं, माझ्या नखाहून लांब. कुसळाची रचनाच अशी की त्यावरचे बारीक काटे मागच्या बाजूला वळलेले असतात. पुढे सरकतं, मागे येत नाही. दर पावलागणिक आत. कानात गेलं तर कुत्रं डोकं झटकत राहतं, नाकात गेलं तर शिंकांचा भडिमार सुरू होतो. या दोन ठिकाणी चिमटा घालू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : एका अरुंद धारेवर आमचा कुत्रा थांबला आणि रडायला लागला. पुढे येईना, मागे जाईना. शेवटी मित्राने उचलून पार केला. ४० किलोंचा आहे. मित्र म्हणतो, पुन्हा असं झालं तर सोडून पुढे जायचं, तो येतो बरोबर मागून. जॉन म्युरचा कुत्रा नाही का आला?

उत्तर : तुमच्या मित्राने गोष्ट अर्धीच ऐकलेली दिसते. १८८० साली अलास्कातल्या एका हिमनदीवर निसर्गप्रेमी गिर्यारोहक जॉन म्युर वादळात अडकले. सोबत होता स्टिकीन नावाचा छोटा कुत्रा, तोही त्यांचा नव्हे, प्रवासातल्या सोबत्याचा. सकाळी म्युर यांनी त्याला तळावर परत धाडायचा प्रयत्न केला होता, पण तो मागोमाग आलाच. परतीच्या वाटेवर खोल भेग लागली आणि तिच्यावर बर्फाचा पातळसा पूल. म्युर बर्फात पायऱ्या खोदत पलीकडे गेले. स्टिकीन अलीकडे बसून रडत राहिला, खूप वेळ, आणि अखेर आला. पलीकडे पोचल्यावर वेड्यासारखा गोल गोल धावला म्हणतात. ऐकायला गोष्ट सुंदर आहे. पण त्या दोघांना मागे फिरायची सोयच नव्हती. तुम्हाला होती ना?

तो रडला म्हणजे त्याने तुम्हाला स्पष्ट सांगितलं. यापेक्षा स्पष्ट तो काय बोलणार? आणि ‘सोडून पुढे जायचं’ हा उपाय तर सगळ्यात वाईट. घाबरलेलं कुत्रं मालक दिसेनासा झाला की घाई करतं, आणि धारेवर घाई म्हणजे काय होईल ते लिहायला नको.

४० किलोंचं म्हणाल, तर दुसरी एक गोष्ट सांगते. २०२० च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या सर्वांत उंच डोंगरावर, स्कॅफेल पाइकवर (९७८ मीटर), डेझी नावाची ५५ किलोंची सेंट बर्नार्ड कुत्री उतरताना बसली ती उठेचना. मागच्या पायांत दुखत होतं. वॉसडेलच्या बचाव पथकातले १६ स्वयंसेवक वर गेले आणि तिला स्ट्रेचरवर घालून खाली आणलं. सगळ्याला मिळून साधारण पाच तास लागले. सेंट बर्नार्ड ही जात प्रसिद्ध झाली ती आल्प्समधल्या २,४६९ मीटर उंचीच्या खिंडीतल्या मठामुळे, बर्फात अडकलेल्या वाटसरूंना शोधण्याच्या कामामुळे. त्याच जातीला माणसांनी उचलून आणलं. डेझी बरी झाली म्हणून हसता येतं.

लक्षात घेण्यासारखं हे की ती चढताना नाही, उतरताना बसली. कुत्रा नुसता उभा असला तरी त्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. उतारावर ते आणखी पुढे येतं. खांदे, कोपर, मनगटं, सगळीकडे मार बसतो. दर पावलाला ब्रेक मारावा लागतो. म्हणून वर पोचेपर्यंत अर्ध्याहून कमी दम खर्च झालेला असावा लागतो. आणि निघण्यापूर्वी एक करून बघा : घरातला जिना त्याला उचलून चढा आणि उतरा. दोन मजले. जमलं नाही, तर त्याला उचलून आणायची झोळी सॅकमध्ये असू द्या आणि सोबत आणखी एक खांदा असू द्या. तोच मित्र चालेल, पार करायला उचललं ना त्याने.

प्रश्न : तुम्ही कुत्रेवाले लोक! पायवाटेवर घाण, झाडाला लटकवलेल्या पिशव्या, आणि कुत्रं अंगावर आलं की म्हणता, ‘काही करत नाही तो.’ मला लहानपणी चावलेलं आहे. मी डोंगरात शांततेसाठी जाते. – संतापलेली

उत्तर : तुमचं खरं आहे. यावर सारवासारव करणार नाही.

कुत्रेवाल्यांनो, ‘परत येताना उचलू’ म्हणून फांदीला लटकवलेली पिशवी परत येताना कुणीही उचलत नाही. मीही एकदा विसरले आहे आणि दीड तास उलट चालत गेले आहे. पिशवी डबल करा, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाका, वास आला तर सोसा. समोरून माणूस दिसला की वाटेच्या उताराकडच्या बाजूला न सरकता चढाच्या बाजूला सरका, दोरी आखूड करा, कुत्र्याला बसवा आणि त्यांना जाऊ द्या. ‘काही करत नाही’ हे वाक्य चावा बसलेल्या माणसाच्या काहीही कामाचं नाही. आणि जिथे कुत्र्यांना बंदी आहे, तिथे बंदी आहे. आपला गुणी असला तरी.

थोडक्यात काही : डबक्यातलं पाणी पिऊ द्यावं का, असं तिघांनी विचारलं आहे. नाही. उंदीरघुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो, आणि हिरवा-निळा तवंग असलेलं पाणी तर जीव घेऊ शकतं. घरी आराम करणाऱ्या कुत्र्यालाही दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, चढावर त्याच्या दुप्पट धरून चला. गोचिडीवर तेल किंवा रॉकेल नको, पेटती काडी तर नकोच. चिमट्याने कातडीलगत पकडा आणि सरळ वर ओढा. कानाच्या घड्या, काखा, बोटांची बेचकी, शेपटीखालची जागा, एवढं त्याच दिवशी तपासा. तुमच्या सुक्यामेव्याच्या पुडीतले बेदाणे त्याला देऊ नका, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेटही नको. त्याच्या पाठीवर त्याची सॅक घालायला हरकत नाही, पण वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच, आणि तीही मोठा झाल्यावर. चपट्या नाकाच्या जातींना मोठ्या चढणीवर नेऊच नका, यावर माझ्याशी वाद घालू नये.

प्रश्न : आमचा बारा वर्षांचा आहे. सांधे धरलेत. मी सॅक काढली की दाराशी जाऊन उभा राहतो. मी त्याला घरी ठेवून निघते आणि अख्खा दिवस डोंगरात त्याचंच तोंड दिसतं. काय करू?

उत्तर : गप्प बसवणारं पत्र ते हेच.

त्याला न्या. माथ्याला नाही, पहिल्या वळणापर्यंत. भैरूच्या शेवटच्या वर्षी आम्ही तसंच करत होतो. गाडीतून उतरवताना मी उचलायचे, मग तो चारशे-पाचशे पावलं चालायचा, त्याला पाऊण तास लागायचा. एकेक दगड हुंगायचा, कुठल्या तरी झुडपाशी मिनिटभर थांबायचा, जणू पत्र वाचतोय. वळणावर एक सपाट कातळ होता, तिथे चटई टाकून बसायचो. वरून लोक उतरायचे, तो मान वर करून बघायचा, उठायचा नाही. डॉक्टरांना विचारून वेदनेची गोळी कधी द्यायची ते ठरवा, आणि गोळीने बरं वाटतंय म्हणून जास्त चालू देऊ नका. दुसऱ्या दिवशी लंगडला, तर पुढच्या वेळी शंभर पावलं कमी.

सॅक मात्र मोठीच घ्या, रोजची. एकदा मी तेवढ्यासाठी कशाला म्हणून खांद्याला पिशवी लावली, तर भैरू दारातून हललाच नाही. मोठी सॅक येण्याची वाट बघत उभा.